वेलांटी पळाली, फुटेज लाल झालं: ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की एडिटिंग का अडतं?

दादरला लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणारा माझा एक मित्र आहे. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा सीझन सुरू होतो, म्हणून त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत तो कंप्युटरची साफसफाई उरकून घेतो. गेल्या खेपेला साफसफाई जरा जास्तच झाली. ‘विंडोज १०ची मुदत संपली’ ही सूचना रोज डोकावायची. एका रात्री वैतागून त्याने सी ड्राइव्हवर फॉरमॅट मारला आणि विंडोज ११ टाकलं. जुनीच सॉफ्टवेअर पुन्हा टाकली, अर्धवट राहिलेलं एका लग्नाचं काम उघडलं आणि साडेअकराला मला फोन केला.

“अरे, ‘शुभविवाह’ची वेलांटी पळालीय. हळदीचं सगळं फुटेज लाल दिसतंय. आणि चाळीस मिनिटांचा रेंडर साडेपाच तास दाखवतोय. सॉफ्टवेअर गेलं का रे माझं?”

सॉफ्टवेअर कुठेही गेलं नव्हतं. वेलांटी, लाल फुटेज आणि रेंडर (म्हणजे कापून मांडलेल्या कामातून शेवटची व्हिडिओ फाइल बनवणं) ही तीन स्वतंत्र दुखणी होती आणि एकातही एडिटिंगचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. हा गोंधळ इतक्या जणांचा होतो की एकदा नीट उलगडून सांगावा असं वाटलं.

लोकल तीच, वीज बदलली

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे विंडोज किंवा मॅकओएस. ती स्वतः एडिटिंग करत नाही. डिस्कवरची फाइल काढून देणं, स्क्रीनवर चित्र दाखवणं, आवाज स्पीकरकडे पाठवणं, एकाच वेळी चालणाऱ्या दहा प्रोग्रॅममध्ये मेमरी वाटणं ही तिची कामं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर या सोयींवर धावतं.

मुंबईकराला हे लोकलवरून चटकन कळेल. १९२५मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली, तेव्हापासून आपली उपनगरी रेल्वे १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर नेली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२मध्ये संपलं, हार्बरचं एप्रिल २०१६मध्ये. रूळ तेच होते, स्टेशनं तीच, तुमची ८.१२ची गाडीही तीच. पण फक्त डीसीवर चालणारे जुने रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचे संच, दुसऱ्या दिवसापासून निरुपयोगी झाले. ते बिघडले नव्हते. त्यांची चाकं, मोटर, बाकडी सगळं ठीक होतं, फक्त डोक्यावरची तार बदलली होती. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारे रेक होते म्हणून शहर थांबलं नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं म्हणजे ही डोक्यावरची तार बदलणं. वर्ड किंवा ब्राउझर ही हलकी गाडी, ती कुठल्याही तारेवर निघते. व्हिडिओ एडिटिंगचं तसं नाही. ते कंप्युटरचा प्रत्येक अवयव एकाच वेळी पिळून काढतं: ग्राफिक कार्ड, डिस्क, मेमरी, आवाज, फॉन्ट. शिवाय त्यावर चार वेगवेगळ्या कंपन्यांची प्लगइन चढवलेली असतात. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेलं जादा अवजार, उदाहरणार्थ त्वचा गुळगुळीत करणारं किंवा आवाजातली घरघर काढणारं. यांतला एक जरी नव्या तारेला तयार नसला तर गाडी अडते, आणि शिव्या मात्र एडिटिंग सॉफ्टवेअरला बसतात.

पण विंडोज १० तर बंदच पडलं ना?

नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, म्हणजे सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या येणं थांबलं. मशीन पूर्वीसारखंच चालू होतं, रेंडरही होतो. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदतही देऊ केली. दिवाळीच्या तोंडावर ही तारीख आली आणि लॅमिंग्टन रोडच्या कंप्युटर बाजारात ‘आता नवा पीसी घ्यावाच लागेल’ हे वाक्य बरंच फिरलं. काहींच्या बाबतीत ते खरंही होतं, कारण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच चालतात. २०१७ साली हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा आय-सेव्हन आजही फुल एचडी लग्न आरामात कापतो, पण विंडोज ११च्या यादीत तो नाही.

या अटींना वळसा घालून विंडोज ११ टाकता येतं, गल्लीतलं कुठलंही पोरगं टाकून देईल. ज्या मशीनवर पोट आहे तिथे मी ते करणार नाही. उद्याचं अपडेट त्यावर येईल की नाही, आलं तर टिकेल की नाही, याची हमी कोणीच देत नाही.

चाळीस मिनिटांचे साडेपाच तास कसे झाले?

इथे ड्रायव्हर येतो. ग्राफिक कार्डाला ऑपरेटिंग सिस्टिमची भाषा कळत नाही आणि सिस्टिमला कार्डाची. दोघांमधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. नवीन विंडोज टाकलं आणि त्याला योग्य दुभाषी मिळाला नाही, तर ते स्वतःचा कामचलाऊ दुभाषी बसवतं. त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’. स्क्रीनवर चित्र नीट दिसतं, ईमेल वाचता येतात, सगळं ठीक वाटतं. पण एडिटिंग सॉफ्टवेअरला कार्ड दिसतच नाही. मग रंगसंगती, इफेक्ट, एक्स्पोर्ट हे सगळं ओझं एकट्या प्रोसेसरच्या डोक्यावर पडतं. पंगतीला दहा वाढपी ठरवलेले, नऊ जण दारातच अडवले, असा तो प्रकार.

मित्राच्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले ॲडॅप्टर’खाली कार्डाचं खरं नाव दिसतंय का, एवढं पाहायचं. नसेल तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाकायचा. वीस मिनिटांचं काम आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी दोन प्रकारचे ड्रायव्हर मिळतात, खेळांसाठी ‘गेम रेडी’ आणि एडिटिंगसारख्या कामांसाठी ‘स्टुडिओ’. आपण दुसरा घ्यावा. तो कमी वेळा बदलतो आणि इथे आपल्याला तेच हवं असतं.

जुन्या कार्डवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ड्रायव्हरलाही वय असतं. आपल्याकडच्या लग्नाच्या एडिटरांत जीटीएक्स १०६० हे फार लाडकं कार्ड. २०१६चं. एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या सोयी देणं २०२५च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलं, सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या २०२८पर्यंत देण्याचं जाहीर केलं. कार्ड उद्या बंद पडणार नाही. पण एडिटिंग सॉफ्टवेअरची पुढची एखादी आवृत्ती ‘अधिक नवा ड्रायव्हर हवा’ म्हणेल आणि तो या कार्डासाठी निघालेलाच नसेल. त्या दिवशी दोष विंडोजचा नसेल, एडिटिंग सॉफ्टवेअरचाही नसेल.

फुटेज लाल का झालं?

पुष्कळांचा समज असतो की प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ असतो. नसतो. म्हणून तर तीन तासांच्या लग्नाची प्रोजेक्ट फाइल काही एमबींची असते. ती नुसती यादी आहे: अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप, इतक्या सेकंदापासून इतक्या सेकंदापर्यंत, मग अंतरपाट, मग मंगलाष्टकांचा क्लोजअप. आईने सुनेला फोनवर सांगावं, ‘तूरडाळ वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा डबा’, तसं.

आता कोणी फळ्या हलवल्या तर? डाळ घरातच आहे, पण सांगितलेल्या जागी हात घातला की साखर लागते. नव्याने विंडोज टाकलं की दुसऱ्या डिस्कचं अक्षर बदलू शकतं. काल जी ‘ई’ होती ती आज ‘एफ’ होते. प्रोजेक्ट ‘ई’वर शोधतं, काही सापडत नाही, आणि टाइमलाइन, म्हणजे क्लिपा क्रमाने मांडलेली पट्टी, ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणून लाल होते. मित्राला वाटलं, हळद गेली. नवरीच्या बापाला काय सांगू, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला परत ‘ई’ हे अक्षर दिलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, हळद परत आली.

याचाच एक चोरटा प्रकार वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा. विंडोज ११ बसवताना घाईत ‘पुढे, पुढे’ दाबत गेलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकू शकतात. डोळ्यांना डेस्कटॉप तोच दिसतो, पण त्याचा आतला पत्ता बदललेला असतो. शिवाय मोफत जागा ५ जीबी, आपल्या एका वरातीलाही न पुरणारी. म्हणून प्रोजेक्ट आणि फुटेज डेस्कटॉपवर ठेवूच नये. ही सवय विद्यार्थ्यांना लावताना माझा घसा सुकला आहे.

फुटेज लाल नाही पण काळं दिसतंय, आवाज येतोय आणि चित्र नाही, असं असेल तर संशय कोडेकवर घ्यायचा. कोडेक म्हणजे व्हिडिओचं गाठोडं बांधायची आणि सोडायची रीत. आयफोन २०१७पासून एचईव्हीसी या रीतीने गाठोडं बांधू शकतात. जुन्या एच.२६४च्या तुलनेत त्यात साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र मावतं. पण या तंत्राच्या पेटंटचे पैसे द्यावे लागतात. त्यामुळे ते सोडवणारा तुकडा विंडोजसोबत आपोआप येईलच असं नाही, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून थोडे पैसे देऊन घ्यावा लागतो. जुन्या मशीनवर तो केव्हातरी घेतलेला असतो आणि आपण विसरलेलो असतो. फॉरमॅट मारल्यावर आठवण होते. काही एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःची सोय घेऊन येतात, काही सिस्टिमच्या भरवशावर राहतात. म्हणूनच तीच क्लिप एकात उघडते आणि दुसऱ्यात नाही.

आणि वेलांटी?

हे दुखणं खास आपलं. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत ‘वि’ लिहिताना कंप्युटरकडे आधी ‘व’ साठवलेला असतो, मग वेलांटी. ती उचलून ‘व’च्या आधी नेऊन बसवायची हे काम मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेचं. तिला आपल्या लिपीचे नियम माहीत नसतील तर वेलांटी जिथे साठवली तिथेच राहते आणि पुढच्या ‘वा’वर जाऊन बसते. जोडाक्षरंही सुटतात, ‘श्री’चा पाय मोडतो. अडोबीच्या प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स या एडिटिंग आणि इफेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी निवड असते: एक यंत्रणा युरोपीय आणि पूर्व आशियाई लिप्यांची, दुसरी दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या लिप्यांची. नव्याने सॉफ्टवेअर टाकलं की तुमच्या जुन्या आवडीनिवडी पुसल्या जातात आणि ही निवडही त्यात जाते. ती पुन्हा करायची आणि टायटल एकदा तपासून घ्यायचं.

फॉन्टचं दुखणं आणखी वेगळं. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० आणि ११मध्ये ऐच्छिक गाठोड्यात टाकलेले आहेत. सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घेतले की येतात. मात्र ज्यांची टायटलं अजून युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टांत आहेत, त्यांचं अवघड आहे. त्या पद्धतीत आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्याला मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी एखाद्या पासवर्डसारखं काहीतरी दिसतं. गिरगावातल्या जुन्या स्टुडिओंत पत्रिकेचा असा मजकूर अजून सापडतो. अपग्रेडच्या निमित्ताने तो युनिकोडमध्ये आणून टाकावा. कंटाळवाणं आहे, पण हे काम एकदाच करावं लागतं.

मॅकवाल्यांना म्हणे हा त्रास नसतो

असतो, फक्त वेगळ्या वेळी. ॲपल दर वर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती काढतं, आणि मागचं तोडायला कचरत नाही. मुंबईतल्या कित्येक एडिट रूम एकेकाळी फायनल कट प्रो ७ या ॲपलच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर चालायच्या. २०११च्या जूनमध्ये ॲपलने पूर्णपणे नव्याने लिहिलेलं फायनल कट प्रो एक्स आणलं आणि त्यात ७चे प्रोजेक्ट उघडतच नव्हते. लोकांनी जुनी मशीन जपून जुनंच चालू ठेवलं. २०१७मध्ये मॅकओएस हाय सिएरा आलं आणि त्यावर ७ चालेनासं झालं.

मग २०१९चं कॅटालिना. त्याने ३२-बिटची सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बाद केली. ३२-बिट म्हणजे मेमरीतल्या खोल्यांचा क्रमांक लिहायला ०-१च्या फक्त ३२ जागा, त्यामुळे ४ जीबीपलीकडच्या खोल्यांना पत्ताच देता येत नाही. ४केच्या काळात ही पद्धत जाणारच होती. पण कॅटालिनाबरोबर सिनेपॅक, सोरेन्सन अशा जुन्या कोडेकांचा आधारही गेला. नव्वदीतलं, दोन हजारच्या आसपासचं डिजिटल साहित्य ज्यांनी तसंच ठेवलं होतं त्यांना ते जुन्या मशीनवर नेऊन रूपांतर करून आणावं लागलं. माझीही दोन रात्री त्यात गेली, एका नाट्यसंस्थेच्या जुन्या क्लिपांसाठी. विंडोजवर ३२-बिटचा स्वतंत्र प्रोग्रॅम अजून चालतो, पण ६४-बिटच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ३२-बिटचं प्लगइन बसत नाही.

२०२०च्या नोव्हेंबरात ॲपलने इंटेलचा प्रोसेसर सोडून स्वतःची एम१ चिप आणली. इथे त्यांनी दोन्ही विजांवर चालणाऱ्या रेकसारखी सोय ठेवली: रोझेटा २. इंटेलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम ती नव्या चिपच्या भाषेत उतरवून देते. ही सोय कायमची नाही. मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि पूर्ण रोझेटा २७पर्यंतच, असं ॲपलने २०२५मध्येच सांगून ठेवलं. तुमचं एखादं लाडकं प्लगइन अजून इंटेलचंच असेल, तर ते बनवणाऱ्याला आत्ताच ईमेल टाकून विचारा.

मॅकवरही फुटेज ‘ऑफलाइन’ होतं, पण कारण बहुतेक वेळा परवानगीचं असतं. कॅटालिनापासून बाहेरची डिस्क वाचायची असेल तर प्रत्येक सॉफ्टवेअरला तुमची संमती लागते. पहिल्या दिवशी घाईत ‘नाही’ दाबलं गेलं की डिस्क समोर असून दिसत नाही. सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ती संमती द्यायची.

नाही जमलं तर जुन्यावर परत जाऊ की!

सगळ्यात महागात पडतो तो हा विचार. विंडोज ११ रीतसर अपग्रेड करून टाकलं असेल तर १० दिवसांत मागे फिरायची सोय असते. माझ्या मित्रासारखा फॉरमॅट मारला तर तीही नाही. पण समजा सिस्टिम मागे नेली, तरी प्रोजेक्ट मागे येत नाही.

नव्या सिस्टिमबरोबर आपण बहुधा एडिटिंग सॉफ्टवेअरचीही नवी आवृत्ती टाकतो. जुना प्रोजेक्ट त्यात उघडला की ते विचारतं, ‘नव्या रूपात बदलू का?’ आपण ‘हो’ म्हणतो. फायनल कटची लायब्ररी असो, प्रीमियरचा प्रोजेक्ट असो की डाविंची रिझॉल्व्हचा डेटाबेस, एकदा पुढे गेलं की जुनी आवृत्ती ते उघडत नाही. ठाण्याहून फास्टमध्ये चढल्यासारखं होतं, मधलं स्टेशन मिळत नाही.

‘एक्सएमएल काढून नेऊ’ असं जाणते लोक म्हणतात. एक्सएमएल, ईडीएल, एएएफ या एका सॉफ्टवेअरची यादी दुसऱ्याला वाचता यावी म्हणून केलेल्या रीती. त्यात कुठली क्लिप कुठे कापली हे बरोबर जातं. पण टायटल, इफेक्ट, रंगाचं बारीक काम यांतलं बरंचसं वाटेत गळतं. वरणभाताची कृती पोचते, फोडणी पुन्हा द्यावी लागते. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी प्रोजेक्टची प्रत वेगळ्या नावाने, वेगळ्या डिस्कवर. रिझॉल्व्हमध्ये अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप.

मग अपग्रेड करूच नये का?

करावं, पण दोन कामांच्या मधल्या फटीत. क्लायंटचं लग्न टाइमलाइनवर असताना कधीच नाही. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही: ज्या मशीनवर क्लायंटचे पेन ड्राइव्ह येतात आणि बँकेचे व्यवहारही होतात, ते जुन्या, दुरुस्त्या न मिळणाऱ्या सिस्टिमवर ठेवणं धोक्याचं. मला विचाराल तर बँक आणि ईमेल दुसऱ्या मशीनवर न्यावेत आणि एडिटिंगचं मशीन एरवी इंटरनेटपासून तोडून ठेवावं. महिन्याच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरला अधूनमधून परवाना तपासायला इंटरनेट लागतं, तेवढ्यापुरतं जोडावं.

नवी सिस्टिम आली त्या आठवड्यात टाकू नये. आपलं प्लगइन नव्या सिस्टिमवर चालतं का, हे आधी ते बनवणाऱ्यांच्या याद्यांत पाहावं. सगळ्यात उशिरा तयार होणारं प्लगइन तुमची तारीख ठरवतं. फॉरमॅट मारण्याआधी सॉफ्टवेअरमधून साइन आउट करावं किंवा परवाना सोडवून घ्यावा, नाहीतर तेच मशीन कंपनीला दुसरं वाटतं आणि दोन मशीनची मर्यादा भरते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही. त्यांची गाडी कुठल्या विजेवर चालते हे त्यांनाही माहीत नसतं.

आणि खर्च करायचाच असेल तर एका नव्या एसएसडीचा, म्हणजे वेगवान डिस्कचा, करावा. जुनी सिस्टिम जशीच्या तशी जुन्या डिस्कवर राहू द्यायची, नवी सिस्टिम नव्या डिस्कवर टाकायची. अडलं तर जुनी डिस्क लावून त्याच रात्री काम सुरू. मित्राने हे पुढच्या वेळी केलं, त्याच्या दुसऱ्या मशीनवर. काढलेली डिस्क त्याने आहेराच्या एका रिकाम्या पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. पाकिटावर मार्करने लिहिलंय: ‘विंडोज १०. चालू आहे. हात लावू नये.’